शाळेच्या सहलीत अजिंठ्याला एक अख्खा दिवस द्यावा: मुख्याध्यापक आणि सहलप्रमुखांना खुले पत्र

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख शिक्षक-शिक्षिका यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षकदालनात सहलीची चर्चा सुरू होते, वर्गशिक्षक संमतिपत्रे गोळा करू लागतात आणि एसटीच्या आगारात गाड्यांसाठी अर्ज जातात. खानदेशातल्या एका शाळेत इतिहास शिकवताना ही सगळी कामे मी वीसहून अधिक वर्षे केली, आणि त्यांतली पहिली काही वर्षे ती फार वाईट केली, हे आधीच कबूल करतो. सकाळी अजिंठा, रात्री संभाजीनगरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि वेळ उरलाच तर एखादे वॉटर पार्क, असा आमचा ठरलेला कार्यक्रम असे. मुले बसमध्ये भेंड्या खेळत, उतरल्यावर रांगेत चालत, आम्ही शिक्षक डोकी मोजत असू. आणि परतल्यावर ‘आमची सहल’ या विषयावर जे निबंध येत, त्यांत लेण्यांना दोन ओळी आणि ढाब्यावरच्या जेवणाला आठ ओळी मिळत. यात मुलांचा दोष नव्हता. ढाब्यावर ती निवांत बसली होती, लेण्यांत त्यांना कोणी थांबूच दिले नव्हते.

म्हणून विनंती अशी की, अजिंठ्याला जाणार असाल तर अख्खा दिवस अजिंठ्यालाच द्यावा, आणि त्या दिवसातही तीसच्या तीस लेणी डोळ्यांखालून घालण्याचा हट्ट सोडून पाच-सहाच लेण्यांत मुलांना थांबू द्यावे. कोणती पाच-सहा आणि तिथे काय करावे, ते पुढे सविस्तर लिहितो.

अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणे १९८३ साली, ताजमहाल आणि आग्र्याच्या किल्ल्याबरोबर, जागतिक वारशाच्या यादीत गेली. ज्या करारामुळे ही यादी अस्तित्वात आली तो १९७२ चा, आणि भारताने त्याला मान्यता दिली ती १४ नोव्हेंबर १९७७ रोजी, म्हणजे बालदिनी. हा निव्वळ योगायोग असणार. पण त्या कराराच्या २७ व्या कलमात, आपल्या लोकांच्या मनात या वारशाविषयी जाण आणि आदर वाढावा म्हणून शैक्षणिक कार्यक्रम राबवण्याची अपेक्षा सदस्य देशांकडून केलेली आहे. शाळेची सहल हा असा कार्यक्रम नव्हे तर दुसरे काय? फाटकाजवळच्या फलकापुढे वर्गाचा फोटो काढला की आपण त्यातून मोकळे झालो, असे मात्र मानता येत नाही.

पहिली अडचण लेण्यांच्या क्रमांकांची आहे. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, उभ्या कड्याच्या पोटात ही लेणी ओळीने खोदलेली आहेत, आणि त्यांना दिलेले क्रमांक वाटेवरच्या क्रमाने आहेत, वयाच्या क्रमाने नाहीत. मुले अर्थातच पहिले लेणे सर्वांत जुने समजतात, आणि आपणही त्यांना एकपासून न्यायला सुरुवात करून तो समज पक्का करतो. खरे तर सर्वांत जुनी लेणी मधल्या भागात आहेत. ९, १०, १२, १३ आणि १५-अ ही इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली, आणि बाकीची बहुतेक पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातली. मध्ये चारशे-पाचशे वर्षांची पोकळी. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने आयुष्याचा मोठा भाग अजिंठ्यावर घालवून असे मांडले की, दुसऱ्या टप्प्याचे जवळजवळ सगळे काम अवघ्या वीसेक वर्षांत झाले. इतर काही अभ्यासकांना हा काळ इतका तोकडा वाटत नाही. इतिहासात अजून वाद चालू असतात, हे नववी-दहावीच्या मुलांना सांगायला अजिंठ्याइतकी चांगली जागा नाही. तेव्हा तिकीट काढून आत गेल्यावर पहिल्या लेण्यापुढच्या गर्दीत न शिरता सरळ दहा क्रमांकाच्या लेण्याकडे चालू लागावे.

दहाव्या लेण्यात निदान पाऊण तास द्यावा, आणि त्यातला पहिला भाग बाहेरच. या चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनेसाठी खोदलेल्या लेण्याच्या, दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. त्याचा अर्थ इतकाच की, हे ‘घरमुख’ वासिठीपुत कटहादि याचे दान आहे. मी मुलांना आदल्या आठवड्यात ब्राह्मीतली दहा-बारा अक्षरे वहीत उतरवून देत असे. त्या लिपीतला क म्हणजे आपले बेरजेचे चिन्ह आणि ठ म्हणजे नुसते वर्तुळ, ज्याचा गोल आपल्या आजच्या ठ मध्येही टिकून आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतली एक जुनी दुर्बीण आम्ही बरोबर नेत असू. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ‘सर, बेरीज सापडली’ असे ओरडली, आणि पुढची दहा मिनिटे ती दुर्बीण हातोहात फिरत राहिली. दोन हजार वर्षांपूर्वीचे ‘घरमुख’ आणि ‘दान’ हे शब्द मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. ‘लेणे’ हा शब्दही तसाच. नाशिकच्या लेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत तो ‘लेण’ म्हणून आलेला आहे. वासिठीपुत म्हणजे वासिठी नावाच्या आईचा मुलगा. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय आपल्या राज्य शासनाने घेतला, त्याची बातमी मुलांनी ऐकलेली असते; सातवाहनांच्या महाराष्ट्रात माणसे आईच्या नावाने ओळख सांगत होती, हे ऐकून वर्गातल्या मुली एकमेकींकडे कशा बघतात ते आपण एकदा पाहाच.

त्याच वेळी मागच्या रांगेतून एका मुलाने विचारले, ‘पण सर, त्याने फक्त दारच का दिले? अख्खे लेणे का नाही दिले?’ माझ्या नोकरीत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. उत्तर असे की, त्या काळी एकाच माणसाने सगळा खर्च उचलावा अशी रीत नव्हती. कोणी दर्शनी भाग द्यायचा, कोणी आणखी काही. शेजारच्या बाराव्या क्रमांकाच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, घनामदड नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाची नोंद आहे. उत्तरेकडून पैठणला जाणारा व्यापारी रस्ता या डोंगररांगेतूनच घाट उतरत-चढत असे, आणि त्या वाटेवरच्या माणसांच्या पैशातून ही पहिली लेणी उभी राहिली. आपल्या गावात देवळाच्या पायऱ्यांवर, शाळेच्या पंख्यांवर आणि पाणपोईवर ज्यांची नावे असतात, त्यांचेच हे पूर्वज, असे मी त्या मुलाला सांगितले. ते त्याला पटले, कारण आमच्या शाळेच्या प्रत्येक पंख्यावर कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ असे लिहिलेले होते.

आत गेल्यावर आधी अंधार. मुलांना काहीही न बोलता दोन मिनिटे उभे करावे, म्हणजे डोळे सरावतात आणि भिंत हळूहळू उजळते. उजव्या भिंतीवर षड्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीवर रुसून मेलेली त्याची हत्तीण पुढच्या जन्मी राणी होते, त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते, आणि घायाळ हत्ती स्वतःच आपले सुळे कापून त्या शिकाऱ्याच्या हाती देतो. ही गोष्ट भिंतीपुढे सांगू नये. ती बसमध्ये किंवा वर्गात आधीच सांगून ठेवावी, म्हणजे इथे मुले ती शोधतात. चित्र इतके झिजलेले आणि ओरखडलेले आहे की, ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला तिथे फक्त तपकिरी डाग दिसतात. ज्याला माहीत आहे त्याला आधी एक सोंड दिसते, मग कान, मग कळपच्या कळप.

याच लेण्यातल्या खांबांवर पाचव्या शतकाच्या सुमारास रंगवलेल्या बुद्धाच्या आकृत्या आहेत. काहींच्या खाली ‘शाक्यभिक्षु’ अमुक याचे हे देयधर्म, म्हणजे दान, असे लिहिलेले आहे. आणि त्यांतल्याच एका रंगवलेल्या आकृतीवर कोरून ठेवलेले नाव आहे जॉन स्मिथचे, २८ एप्रिल १८१९ या तारखेसह. मद्रास घोडदळाचा हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असताना त्याला हे लेणे दिसले. ते नाव आज उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात मातीचा आणि राडारोड्याचा भराव होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. ‘अजिंठ्याचा शोध इंग्रजांनी लावला’ हे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. आसपासच्या गावांतल्या लोकांना लेणी ठाऊक होतीच, स्मिथने ती बाहेरच्या जगाला कळवली, असे म्हणणे अधिक नेमके. ‘साहेबाने नाव कोरले तर इतिहास आणि आम्ही कोरले तर दंड, असे का?’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. मी त्यावर व्याख्यान देत नसे. स्मिथने कोरले तेव्हा त्या आकृतीचे काय झाले, ते जवळून पाहून सांगा, एवढेच म्हणत असे.

दहाव्यातून बाहेर पडल्यावर सोळाव्याकडे यावे. नदीकडून वर येणाऱ्या जुन्या पायऱ्यांच्या तोंडाशी दोन दगडी हत्ती आहेत. इथला दाता एकटा आणि मोठा आहे. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अख्खा विहार दिला आणि व्हरांड्याबाहेरच्या भिंतीवर वाकाटकांची वंशावळच कोरून घेतली. पलीकडच्या सतराव्या लेण्याचा दाता याच भागातला एक मांडलिक राजा; त्याच्या लेखात, धाकटा भाऊ रविसांब गेल्यानंतरच्या दुःखातून त्याने दानधर्माकडे मन वळवल्याचा उल्लेख आहे. आणि शेवटाकडच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाचा भिक्षू सांगतो की, जोवर जगात आठवण ताजी असते तोवर माणूस स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल अशी कीर्ती डोंगरात उभारावी. अश्मक राजाच्या भव्विराज नावाच्या मंत्र्याशी त्याची फार जुनी मैत्री होती, आणि त्याची आठवण त्याने या लेखात ठेवली. दारापुरते दान देणारा कटहादि आणि पूर्ण विहार देणारा मंत्री यांच्यामध्ये समाज किती बदलला, सत्ता आणि पैसा कुठून कुठे गेला, हे मुलांना दोन लेण्यांच्या अंतरात चालत चालत दाखवता येते. पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांत मला ते कधी जमले नाही.

सव्विसाव्यात डाव्या भिंतीला सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची, म्हणजे बुद्धाच्या अखेरच्या क्षणाची, मूर्ती आहे. खाली शोक करणारे शिष्य, वर आकाशात आनंदलेले देव. इथे मुलांनी बूट काढून शांत बसावे. बौद्ध घरांतून आलेली मुले आपल्या वर्गात असतात आणि त्यांच्यासाठी ही केवळ ‘शिल्पकलेचा नमुना’ नव्हे, याचे भान बाकीच्या मुलांना आपोआप येत नाही. ते आपण द्यावे लागते, आणि तेही बसमधून उतरण्याआधी.

आता एक असे लेणे सुचवतो जिथे सहली थांबतच नाहीत, कारण तिथे ‘बघण्यासारखे’ काही नाही. चोविसावे लेणे अर्धवट सोडलेले आहे. पुरे झाले असते तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरले असते. काही खांब घडलेले, काही नुसतेच चौकोनी ठोकळे, भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव जसेच्या तसे. छतापासून सुरुवात करून खाली खोदत यायचे, जिथे खांब हवा तिथला दगड राखायचा आणि मधल्या गल्ल्या काढून टाकायच्या, ही सगळी रीत इथे उघडी पडलेली दिसते. वेरूळचे कैलास लेणे परग्रहावरच्या लोकांनी केले, असे व्हिडिओ पाहून आलेली मुले हल्ली प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात माझी बरीच वर्षे वाया गेली. चोविसाव्यात नेऊन त्या घावांवर टॉर्चचा प्रकाश आडवा टाकायचा आणि दगडाला हात न लावता ते मोजायला सांगायचे. पंचवीस-तीस मोजून झाले की प्रश्न मिटतो.

चित्रांसाठी पहिले लेणे शेवटी ठेवावे. दुपारनंतर तिथली गर्दी थोडी ओसरते, आणि पद्मपाणी या हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभे राहण्याआधी मुलांचे डोळे दिवसभरात तयार झालेले असतात. रंगांविषयी एक गैरसमज मात्र आवर्जून दूर करावा. ‘पानाफुलांचे नैसर्गिक रंग’ असे सर्रास सांगितले जाते, आणि मीही ते सांगत आलो होतो. हे रंग मुख्यतः मातीचे आणि दगडाचे आहेत: तांबडी आणि पिवळी गेरूमाती, हिरवी माती, पांढरा चुना, दिव्याची काजळी. निळा रंग लाजवर्दाचा, आणि तो दगड इथला नव्हे. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. वाघुरेच्या काठी बसून कोणी निळा रंग लावत होता, तेव्हा तो रंग शेकडो कोस उंटाघोड्यांच्या पाठीवरून आला होता. भिंतीवर भुसा आणि झाडांचे तंतू घालून मळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. आपल्या गावांत अजूनही मातीच्या भिंती लिंपणारी आजी ज्या मुलाच्या घरी असेल, त्याला यातले निम्मे काम तिने आधीच शिकवलेले असते.

ही चित्रे किती नाजूक आहेत हे सांगताना आगीच्या दोन गोष्टी सांगाव्यात. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी चित्रकाराने १८४४ नंतर अनेक वर्षे इथे राहून मोठमोठ्या प्रतिकृती काढल्या. त्या १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत बहुतेक नष्ट झाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. (गिलची कबर भुसावळला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शाळांना वाट वाकडी करावी लागणार नाही.) पुढे निजामाच्या काळात इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रे वाचवण्यासाठी लाखेचे रोगण लावले, त्या वेळी ते उत्तम समजले जात होते, नंतर ते पिवळे पडून चित्रांवर झाकोळ आला. आज आत ठरावीक संख्येनेच सोडतात आणि फ्लॅश चालत नाही, यामागे हा सगळा अनुभव आहे. पन्नास मुलांच्या श्वासाची वाफ भिंतीवर बसते, हे पहारेकऱ्याने ओरडून सांगण्यापेक्षा विज्ञानाच्या शिक्षकाने आधी वर्गात सांगितले तर मुले आपणहून गट पाडून जातात. मोबाइल बसमध्ये ठेवून वही आणि पेन्सिल द्यावी. चित्र चांगले येण्याची गरज नाही. हाताची एक मुद्रा काढायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे मूल त्या हाताकडे बघत असते.

पालक विचारतात की, एवढ्या पैशात एकच ठिकाण? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सहलीआधीच्या पालकसभेतच द्यावे. मी तिथे जुने निबंध वाचून दाखवत असे, ढाब्यासह. वेरूळ सोडा असे माझे म्हणणे नाही. बौद्ध, हिंदू आणि जैन अशी चौतीस लेणी एका ओळीत असलेले ते ठिकाण पुढच्या वर्षासाठी ठेवावे. कैलासाचा डोंगर वरून खाली कसा कोरत आणला हे चोविसावे लेणे पाहून झालेल्या मुलांना लवकर कळते, आणि मालोजीराजांचे वेरूळ म्हणून शिवकालाकडे जायलाही तिथून वाट आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून बऱ्याच शाळांनी किल्ल्यांच्या सहली काढल्या आहेत, हे चांगलेच आहे. फक्त तिथेही एका दिवसात दोन गड उरकू नयेत. आठवीला अजिंठा, नववीला वेरूळ, दहावीच्या आधी एक गड, असे ठरवले तर तीन वर्षांत काहीही सुटत नाही.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात आणि तिथून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते; पन्नास-साठ मुलांना यात जाता-येता तास सहज जातो, तो हिशेबात धरावा. सकाळी नऊला लेणी उघडतात, तेव्हा आपण टी-पॉइंटवर असावे. पायऱ्या चढू न शकणारे मूल वर्गात असेल तर त्याला घरी ठेवू नये. डोलीवाले असतात, दर आधी ठरवून घ्यावा. डबा, पाणी आणि टोपी प्रत्येकाकडे असावी. आणि तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये वार पाहावा, कारण अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. एका वर्षी आम्ही अठ्ठावन्न मुले घेऊन पहाटे निघालो आणि सोमवारी तिथे पोहोचलो. तारीख मीच ठरवली होती.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक